छत्तीस

वारलामने कॅमेरा उघडून दाखवला
तेव्हा आत काहीच नव्हतं.
काळा डबा, एक पट्टी, दोन दातेरी चाकं.
"फोटो कुठे दिसतो?" एलेनेने विचारलं.
"इथे नाही, पोरी. इथे अंधार राहतो."

कुताइसीच्या बाजारामागे, जिन्याखालच्या खोलीत
त्याने चाळीस वर्षं पासपोर्टचे चेहरे काढले.
आता घड्याळांचे सेल बदलतो,
आणि माझ्यासारखं कुणी आलंच तर हे.

पहिला रोल कोरा निघाला.
फिल्मचं टोक दात्यांत अडकलंच नव्हतं,
आणि मी आपली छत्तीस वेळा खटका दाबत होते,
आणि सगळे छत्तीस वेळा हसत होते:
सासूचा, लमाराचा, सत्तरावा वाढदिवस,
बातूमीहून रात्रभर गाडी चालवत आलेला दीर,
टेबलाच्या मधोमध भाजलेलं डुकराचं पिल्लू
तोंडात लाल मुळा धरून.
वारलामने फिल्म उजेडात धरली. काचेसारखी स्वच्छ.
काठावरचे आकडे तेवढे उमटलेले,
एक ते छत्तीस, कारखान्यातून आलेले.
बोलला नाही. चहा ठेवला.
मग म्हणाला, "डावीकडची किल्ली बघत जा.
तीही फिरली पाहिजे.
नाही फिरली, तर समज तू एकटीच काम करतेयस."

फोनमध्ये माझ्याकडे अकरा हजार फोटो आहेत.
एकाच केकचे एकशे चार.

आता मी तळहात पुढे करून उजेड मोजते,
भाजीवालीसमोर, बसस्टॉपवर, कुठेही.
लमारा दारात बसते, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत;
कुणाचं ऐकायचं?
"चेहऱ्याचं," वारलाम म्हणतो,
"पांढऱ्या भिंतीचं कधी ऐकू नकोस,
ती खोटं बोलते."
नवरा म्हणतो, नशीब, माझ्या आईबद्दल नाही म्हणाला.

दुसरा रोल मी घरीच धुतला.
न्हाणीघरातल्या दोरीला चिमटे लावून टांगला,
शेजारी लमाराच्या चुर्चखेला,
द्राक्षांच्या रसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा,
कारण सज्जात यंदा जागा नव्हती.
दोन्हींतून थेंब गळत होते. फरशी चिकट.
निगेटिव्हमध्ये लमाराचे केस काळेभोर,
दात काळे, डोळ्यांत पांढरी बुबुळं.
तिने चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं.
"केस असेच होते," म्हणाली. "दातांचं काही सांगू नकोस कुणाला."

छापून आल्यावर मात्र मी जरा गप्प झाले.
सोळा फोटो बरे होते,
आणि सोळाही फोटोंत कुणी हसत नव्हतं.
मी रिंग फिरवत बसायचे, मागे, पुढे, पुन्हा मागे,
आणि तेवढ्यात त्यांचं हसू संपून जायचं.
दीर घड्याळ बघतोय.
नवऱ्याचा हात पाठीमागे, बहुतेक खाजवतोय.
लमारा सरळ माझ्याकडे बघतेय,
सून कधी एकदा आटपतेय म्हणून.
सगळे माझ्यासाठी थांबलेले.
इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं
हे लोक थांबलेले असताना कसे दिसतात.

तिसऱ्या रोलचा पस्तिसावा एलेनेने काढला.
स्टुलावर चढून, मी भांडी घासत असताना.
थांब, म्हटलं, खिडकी मागे आहे, उजेड अगोदर—
खटका.
मग सवयीने तिने कॅमेरा उलटा केला,
पाठीवर बोट फिरवलं.
काळं कातडं, एक ओरखडा.
"आई, तू कशी आलीस?"
कोण जाणे. साबणाचा हात, डोकं बहुधा कापलेलं,
किंवा नुसतीच खिडकी.

एक शिल्लक आहे.
नवरा म्हणतो, मांजराचा काढ आणि मोकळी हो.
नाही काढलेला अजून.
तसंही वारलामचं औषध संपलंय,
नवीन येईल शुक्रवारपर्यंत, आलं तर.